गंगाराम तांबटाची चित्रं

तांबट म्हटलं की आपल्याला आधी आठवतो तो हंडा. लग्नात आलेला, चुलीवर काळा पडलेला, चिंच लावून घासला की पुन्हा लालभडक होणारा. त्यावर बारीक बारीक ठोके असतात, एकसारखे, एकाला एक लागून. त्याला मठारकाम म्हणतात. एक ठोका चुकला तर पूर्ण हंडा डोळ्यांत खुपतो, म्हणून तांबटाचा हात फार सांभाळून चालतो. पुण्याच्या कसब्यातली तांबट आळी याच कामाची. आज आम्ही ज्याची गोष्ट सांगणार आहोत, त्याचं आडनावच तांबट होतं. पण त्याचं नाव राहिलं ते भांड्यांमुळे नाही, चित्रांमुळे. गंगाराम चिंतामण तांबट. काही ठिकाणी त्याचं आडनाव नवगिरे तांबट असंही दिलेलं आढळतं. काळ आहे १७९० च्या आसपासचा, म्हणजे सवाई माधवराव पेशवे गादीवर आणि कारभार नाना फडणविसांच्या हाती.

तुम्ही म्हणाल, शिरूर-दौंडच्या बायकांना पुण्याच्या चित्रकाराचं काय? तर गोष्ट सुरू होते ती नदीवर. पुण्यात मुळा आणि मुठा मिळतात त्या जागेला संगम म्हणतात. तिथून निघालेली मुळा-मुठा थेऊर करत खाली येते आणि शिरूर तालुक्यातल्या रांजणगाव सांडस इथे भीमेला मिळते. पुढे ती भीमा दौंडकडे जाते. संगमावर जे काही होतं, ते वाहत आपल्या दारात येतं. आज काय वाहत येतं हे नदीकाठच्या बायकांना सांगायची गरज नाही, जलपर्णी बाजूला सारून पाणी बघावं लागतं. पण सव्वादोनशे वर्षांपूर्वी त्या संगमावर इंग्रजांचा एक बंगला होता. त्यात चार्ल्स मॅलेट नावाचा साहेब राहत असे.

हा मॅलेट ईस्ट इंडिया कंपनीचा पुण्यातला वकील. त्या काळी वकील म्हणजे कोर्टातला नव्हे. एका दरबाराचा माणूस दुसऱ्या दरबारात कायम मुक्कामाला असे, त्याला वकील म्हणत. मॅलेट १७८६ साली पुण्यात आला. त्याचं काम होतं पेशव्यांशी गोड बोलायचं आणि इथे काय चाललंय ते कळवायचं. कोण कुणाशी भांडलं, फौज किती, पीकपाणी कसं, रस्ते कुठून जातात. हे सगळं लिहून जायचं. पण लिहून सगळं सांगता येत नाही. वेरूळचं कैलास लेणं कसं आहे ते शब्दांत सांगा बरं! तेव्हा फोटो नव्हता. कॅमेऱ्याचा शोध लागायला अजून चाळीस-पन्नास वर्षं होती. म्हणून चित्रकार लागे. चित्र काढवून घेणारा साहेब नुसता हौशी नव्हता, हे आपण ध्यानात ठेवू. ज्याला एखादा मुलूख ओळखून घ्यायचा असतो, तो आधी त्याची चित्रं आणि नकाशे जमवतो. १८१८ साली पेशवाई गेली, तोवर कंपनीकडे अशी माहिती पुष्कळ साठली होती.

आता गंगारामाचं एक चित्र बघू. ते आहे गेंड्याचं. पेशव्यांचा शिकारखाना पर्वतीच्या पायथ्याशी होता आणि सवाई माधवरावांना जनावरांची भारी आवड. तिथल्या गेंड्याचं चित्र गंगारामाने काढलं, त्यावर नोव्हेंबर १७९० असा काळ दिलेला आहे. आपल्याकडे गेंडा कुठे दिसतो? पुण्याच्या माणसाला तेव्हा गेंडा म्हणजे हत्तीपेक्षाही नवल.

या गेंड्याची मजा कळायला आणखी एका गेंड्याची गोष्ट सांगावी लागेल. १५१४ साली गुजरातच्या सुलतानाने गोव्याच्या पोर्तुगीजांना एक गेंडा भेट दिला. पोर्तुगीजांनी तो जहाजात घालून आपल्या राजाकडे लिस्बनला पाठवला. युरोपात इतक्या शतकांत जिवंत गेंडा कुणी पाहिला नव्हता, त्यामुळे बातमी झाली. जर्मनीतला आल्ब्रेख्त ड्यूरर हा त्या काळातला नामी चित्रकार. त्याने गेंडा पाहिला नाही. कुणी तरी लिहून पाठवलेलं वर्णन आणि एक कच्चं चित्र एवढ्यावर त्याने गेंडा काढला. झालं काय, तर गेंड्याच्या अंगावर लोखंडी चिलखताचे पत्रे चढवल्यासारखं दिसतं आणि पाठीवर एक छोटं जास्तीचं शिंग आलं. चित्र इतकं देखणं होतं की पुढे दोन-अडीचशे वर्षं युरोपातले लोक गेंडा म्हणजे असाच समजून चालले. गंगारामाचं तसं नाही. त्याने जनावर समोर बघितलं. एवढ्या मोठ्या नावाच्या चित्रकाराला जे साधलं नाही ते आमच्या पुण्याच्या तांबटाला साधलं, असं म्हणायचा मोह आम्हाला होतो. पण खरं कारण साधं आहे. हा गेंड्यापुढे उभा होता, तो नव्हता.

या १७९० सालाला आणखी एका गोष्टीने महत्त्व आहे. गंगाराम हा जेम्स वेल्स नावाच्या स्कॉटिश चित्रकाराचा शिष्य, असं बऱ्याच ठिकाणी लिहिलेलं असतं. वेल्स मुंबईत आला १७९१ साली आणि पुण्यात १७९२ साली. म्हणजे गुरू यायच्या आधीच शिष्याचा गेंडा कागदावर उतरला होता. वेल्सकडून गंगाराम शिकलाच असेल, त्यात कमीपणा नाही. पण तो कोऱ्या हाताने वेल्सपुढे बसला नव्हता. आपल्याकडेही असं होतंच की. बाई वीस वर्षं शिवणकाम करते, मग कुठल्या तरी योजनेत आठ दिवसांचं प्रशिक्षण घेते आणि कागदावर लिहिलं जातं की प्रशिक्षणामुळे बाई शिवायला शिकली.

वेल्सकडून तो काय शिकला असेल, ते सोपं करून सांगतो. दौंड जंक्शनच्या फलाटावर उभं राहून सोलापूरच्या दिशेला बघा. रूळ लांब जातात तसे जवळ जवळ येतात आणि शेवटी एकमेकांना चिकटल्यासारखे दिसतात. खरं तर ते चिकटत नाहीत, नाही तर गाडी गेलीच नसती. डोळ्याला दिसतं तसं कागदावर उतरवायचं, जवळचं मोठं आणि लांबचं लहान, ही विलायती रीत. आपल्या जुन्या पोथ्यांतल्या आणि वाड्यांच्या भिंतींवरच्या चित्रांची रीत वेगळी. तिथे जो मानाने मोठा तो चित्रात मोठा. राजा मोठा, चवरी ढाळणारा लहान, मग दोघं शेजारी का उभे असेनात. वाईजवळ मेणवलीला नाना फडणविसांच्या वाड्यात अशी भिंतीवरची चित्रं अजून आहेत. दोन्ही रीती आपापल्या जागी बरोबरच. पण विलायती रीतीत राजा जर लांब उभा असेल आणि दाराशी कुत्रं बसलेलं असेल, तर कुत्रं राजापेक्षा मोठं काढावं लागतं. दरबारी चित्रकाराला हे पचवायला जड गेलं असणार.

साताऱ्याचे इतिहासकार द. ब. पारसनीस यांनी १९२१ साली जुन्या पुण्यावर एक इंग्रजी पुस्तक लिहिलं. मॅलेट आणि वेल्सच्या पुढाकाराने शनिवारवाड्यात चित्रकलेची शाळा निघाली आणि गंगाराम तिथला, अशी आठवण त्यामुळे मराठी माणसापुढे आली. पुढे १८२८ साली शनिवारवाड्याला आग लागली आणि आतलं सगळं लाकूडकाम जळून गेलं. भिंतींवर जी चित्रं होती तीही गेली.

वेल्सने पुण्यात मोठमोठ्यांची चित्रं रंगवली. सवाई माधवराव, नाना फडणवीस, महादजी शिंदे. शाळेच्या पुस्तकात सवाई माधवरावांशेजारी नाना बसलेले जे चित्र असतं, ते वेल्सचंच. तो तरुण पेशवा तेव्हा जेमतेम अठरा वर्षांचा. मॅलेटच्या घरात अंबर कौर नावाची राजपूत स्त्री होती. मॅलेटपासून तिला मुलं झाली होती आणि वेल्सने तिचंही चित्र केलं. विलायतेला परतल्यावर मॅलेटने १७९९ साली लग्न केलं ते मात्र वेल्सच्या मुलीशी, सुझानाशी. अंबर कौरची जन्मभराची गोष्ट एका चित्रात मावणारी नव्हती, तिच्यासाठी एक वेगळा दिवस ठेवायला हवा.

आता वेरूळ. पुण्याहून वेरूळला जायचं तर आजही रस्ता आपल्याच तालुक्यातून जातो. कोरेगाव भीमा, शिक्रापूर, रांजणगाव गणपती, शिरूर, मग घोड नदी ओलांडली की नगर जिल्हा. तिथून पुढे औरंगाबाद, आताचं छत्रपती संभाजीनगर. एसटीने दिवसभराचं काम. तेव्हा घोड्यावर आणि पायी किती दिवस लागत असतील त्याचा अंदाज तुम्हीच करा. १७९३-९४ च्या सुमारास गंगाराम वेरूळला होता आणि मॅलेटसाठी लेण्यांची चित्रं काढत होता.

लेण्यांचं चित्र काढणं सोपं नाही. कैलास लेणं राष्ट्रकूट राजांच्या काळात, आठव्या शतकात, एकाच डोंगरातून वरून खाली खोदत आणलं. आधी कळस आणि मग पायथा. तिथे चित्रकाराला मागे सरकून पूर्ण देऊळ नजरेत घ्यायला जागाच नाही, चारी बाजूंनी कातळ उभा. आतल्या लेण्यांत अंधार. माणसांचा वावर कमी असला की वटवाघळं आणि मधमाश्या. दिव्याच्या उजेडात खांबाची नक्षी बघायची, बाहेर येऊन उतरवायची, पुन्हा आत जायचं. आणि हे विनोदाने नाही सांगत, ज्याचा हात लहानपणापासून तांब्यावर एकसारखे ठोके मारायचं काम बघत वाढला, त्याला एका रांगेतले एकसारखे खांब काढायचा कंटाळा आला नसावा.

मॅलेट स्वतः नंतर वेरूळला गेला. त्याने लेण्यांवर जो लेख लिहिला, तो कलकत्त्याच्या एशियाटिक सोसायटीच्या ग्रंथमालेच्या सहाव्या खंडात छापून आला. मग १७९५ साली वेल्सही वेरूळला गेला आणि त्याने आपली चित्रं काढली. त्याच वर्षी त्याने मुंबईजवळच्या कान्हेरी लेण्यांचं काम हाती घेतलं. तिथल्या रानात त्याला ताप भरला आणि नोव्हेंबरमध्ये तो वारला. वेरूळची चित्रं मागे राहिली. ती लंडनला गेली. तिथे थॉमस डॅनियल या प्रसिद्ध चित्रकाराने ती तांब्याच्या पत्र्यांवर कोरून घेतली आणि १८०३ साली चोवीस चित्रांचं भलंमोठं पुस्तक निघालं. हो, तांब्याच्याच पत्र्यांवर. चित्र छापायची तेव्हा तीच रीत होती.

त्या पुस्तकाच्या पहिल्या पानावर नावं आहेत. जेम्स वेल्सच्या चित्रांवरून, थॉमस डॅनियलच्या देखरेखीखाली. गंगाराम तांबट हे नाव त्या पानावर नाही.

वेल्सने वेरूळला जाऊन काम केलं हे खरं आहे, त्याच्या चित्रांवर त्याचं नाव लागणं रास्तच. पण वेल्सच्या आधी वर्षभर जो तिथे उन्हातान्हात बसला, ज्याचे कागद बघून मॅलेटला आणि वेल्सलाही कुठे काय आहे ते कळलं, त्याच्यासाठी एक ओळ लिहायला जागा नव्हती का? आमच्या गटात यावर चर्चा झाली तेव्हा एक ताई पटकन म्हणाल्या, हे सातबाऱ्यासारखंच झालं. राबणारीचा हात शेतात आणि नाव दुसऱ्याचं. आम्हाला यापेक्षा चांगलं सांगता आलं नसतं.

याच काळात जगात दुसरीकडे काय चाललं होतं तेही बघू, म्हणजे फरक कळेल. हॉलंड, म्हणजे नेदरलँड्स, हा डचांचा देश. डच आपल्याला अगदीच परके नाहीत. कोकणात वेंगुर्ल्याला त्यांची वखार होती, शिवाजी महाराजांच्या लहानपणापासून. जुन्या मराठी कागदांत त्यांना वलंदेज म्हणतात. त्यांचा देश नद्यांचा, सपाट, पाणथळ. तिथे अठराव्या शतकात यान द बेयर नावाचा चित्रकार होऊन गेला, जन्म १७०३ चा. त्याचा गुरू कोर्नेलिस प्रोंक. हे लोक पायी हिंडत. ऱ्हाईन आणि मास नद्यांच्या काठची गावं, चर्च, पडके किल्ले, नाव लागायचा धक्का, वेशीची कमान, असं साधंसुधं काढत. खाली गावाचं नाव आणि साल लिहीत. त्या चित्रांचे छोटे छापे निघत आणि तिथले व्यापारी, शिकलेसवरलेले लोक ते विकत घेत. कशासाठी? आपला मुलूख बघायला. आपल्या आजोळच्या गावाचं चित्र आपल्या भिंतीला लावायला. यातल्या कित्येक इमारती पुढे पडल्या, आणि आज तिथल्या लोकांना जुनं चर्च कसं होतं हे बघायचं तर द बेयरचं चित्र काढून बघतात.

म्हणजे काम तेच. जागेवर जाऊन बसायचं आणि दिसतं ते उतरवायचं. फरक गिऱ्हाइकात होता. डच चित्रकाराचं गिऱ्हाईक त्याच्याच गावचं होतं, चित्र गावात राहिलं. गंगारामाचं गिऱ्हाईक परदेशी होतं, चित्र जहाजात बसून गेलं. पुण्यातल्या सरदारांनी किंवा सावकारांनी गंगारामाला सांगितलं असतं की बाबा, आमच्या नदीच्या घाटाचं काढ, आमच्या गावच्या बाजाराचं काढ, तर आज चासकमान-उजनीच्या आधीची आपली नदी कशी दिसायची ते आपल्याला बघता आलं असतं. उजनी धरणात दौंडकडच्या नदीकाठची जमीन बुडाली, ज्यांची घरं उठली त्यांच्या घरी जुन्या गावाचा एक फोटोही नाही. हे ज्यांनी भोगलंय त्यांना आम्ही काय म्हणतोय ते कळेल.

गंगारामाचं आणखी एक चित्र आहे १७९५ सालचं, पर्वतीच्या टेकडीचं, वरच्या देवळांसह. पर्वतीवरचं देऊळ नानासाहेब पेशव्यांच्या काळचं. पर्वती तेव्हा पुण्यात नव्हती, पुण्याबाहेर होती. पायथ्याशी तळं होतं, आंबील ओढ्याचं पाणी अडवून केलेलं. तळ्याच्या मधल्या बेटावर सारसबागेचा गणपती, म्हणूनच तळ्यातला गणपती. आता तळं नाही, बाग आहे आणि सभोवती गाड्याच गाड्या. आंबील ओढा मात्र आहे. तो मुठेला मिळतो, मुठा मुळेला, आणि पुढचं तुम्हाला मघाशीच सांगितलं.

ते १७९५ साल फार वाईट गेलं. ऑक्टोबरमध्ये सवाई माधवराव शनिवारवाड्यातून खाली पडून गेले, एकविसाव्या वर्षी. नोव्हेंबरमध्ये वेल्स गेला. पुण्याच्या दरबारात भांडणं लागली. मॅलेट १७९८ साली विलायतेला परतला आणि जमवलेले कागद सोबत घेऊन गेला. संगमावरचा बंगला १८१७ च्या खडकीच्या लढाईत जाळला गेला. गंगारामाची चित्रं इथेच राहिली असती तर कदाचित तीही कुठल्या तरी आगीत गेली असती, हेही खरंच. त्यामुळे नेणाऱ्याला नुसता दोष द्यावा की नेल्यामुळे वाचली म्हणावं, यावर आमच्यात एकमत झालं नाही.

ती चित्रं आज अमेरिकेत आहेत. न्यू हेवन नावाच्या गावात येल विद्यापीठाचं एक मोठं संग्रहालय आहे, तिथे. २०११ साली तिथे भारतातल्या त्या काळच्या चित्रांचं प्रदर्शन झालं, त्यात गंगारामाचं काम लोकांपुढे आलं. गेंड्याचं चित्र तुम्ही मुलीला सांगून मोबाईलवर शोधू शकता. मराठीत नाही सापडलं तर इंग्रजीत गंगाराम तांबट एवढं टाकायला सांगा.

गंगाराम तसा नशीबवानच. साहेबलोकांसाठी चित्रं काढणारे देशी चित्रकार त्या काळात शेकडो होते, बहुतेकांची नावं गेली. नावं राहिली ती ज्यांनी काम करून घेतलं त्यांनी लिहून ठेवली म्हणून. कलकत्त्याला मेरी इंपी नावाच्या बाईंनी पाटण्याचे तीन चित्रकार ठेवून पक्ष्यांची चित्रं काढून घेतली. शेख झैनुद्दीन, भवानी दास, राम दास. चित्रांवर नावं लिहिलेली आहेत, म्हणून आज ते तिघं आपल्याला माहीत आहेत. तेवढ्या एका ओळीने माणूस राहतो.

आपल्याच भागात बघा. रांजणगावच्या गणपतीच्या देवळाचं सांगताना थोरल्या माधवरावांचं नाव येतं. भीमेपलीकडे सिद्धटेकला अहिल्याबाई होळकरांचं. दोघांनीही पैसा आणि मन लावलं, नाव घ्यायलाच हवं. ज्या पाथरवटांनी तो दगड घडवला त्यांचं नाव गुरवालाही सांगता येत नाही. आणि चैत्रात अंगणात जे चैत्रांगण निघतं, गौरीचा पाळणा, गोपद्म, कमळ, शंख, सूर्य-चंद्र, ते तर दुसऱ्या दिवशी झाडूबरोबर जातं. ते कुणी काढलं होतं हे आठ दिवसांनी घरातही आठवत नाही.

येत्या चैत्रात आम्ही गटागटातून चैत्रांगणाचे फोटो गोळा करणार आहोत. फोटो छापून घेतलात तर मागच्या बाजूला पेन्सिलीने नव्हे, पेनाने लिहा. काढणारीचं पूर्ण नाव, तिचं स्वतःचं, अमक्याची सून असं नको. गाव, वाडी. तारीख आणि साल. जिने शिकवलं तिचं नाव माहीत असेल तर तेही.